दस्तुरी नाक्यापुढचं गाव

माथेरानला मोटारीने जाता येत नाही. जाता येतं ते दस्तुरी नाक्यापर्यंत. नेरळहून सुरू झालेली सात-आठ किलोमीटरची अंगावर येणारी चढण इथे संपते. पुढे वाहनतळ, नगरपरिषदेची प्रवासी कर घेणारी चौकी आणि तिच्यापलीकडे झाडांत शिरणारा तांबड्या मातीचा रस्ता. मुंबई-पुण्याहून ऐटीत आलेल्या मोठाल्या गाड्या इथे निमूट रांगेत उभ्या राहतात. मालक उतरतो, डिकी उघडतो आणि त्याला पहिल्यांदाच कळतं, की दोन दिवसांसाठी आपण सहा बॅगा आणल्या आहेत.

मग सुरू होते ती घासाघीस. घोडेवाले लगाम धरून पुढे येतात, हमाल बॅगांना हात घालतात, हातरिक्षावाले घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडे पाहून बोलतात. ‘‘साहेब, बाजार लांब आहे. चालवणार नाही तुम्हाला.’’ बाजार अडीच-तीन किलोमीटरवर आहे. बहुतेकांना चालवतं. शिवाय नाक्यापासून हाकेच्या अंतरावर अमन लॉज हे मिनी ट्रेनचं स्टेशन आहे आणि तिथून गावात शटल जाते, ही माहिती नाक्यावर तुम्हाला आपणहून कोणी देईलच असं नाही. २०२५च्या मार्चमध्ये याच मुद्द्यावरून गावाने स्वतःचाच बंद पुकारला होता. नाक्यावर होणारी पर्यटकांची दिशाभूल थांबवा, अशी दुकानदारांची आणि हॉटेलवाल्यांची मागणी होती. पर्यटनावर जगणाऱ्या गावाला पर्यटकांसाठी बंद पाळावा लागला, यावरून त्या नाक्याची कल्पना यावी.

हे सगळं ओलांडून दहा मिनिटं चालून गेलं, की मात्र आवाज बंद होतात. मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर इंजिनाचा आवाज न येणारं गाव असावं, हे तिथे पोचेपर्यंत खरं वाटत नाही. पहिल्या दिवशी कान उगाचच हॉर्नची वाट बघत राहतात. रस्त्याच्या मधोमध चालताना सारखं मागे वळून पाहिलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवय सुटते. नंतर ऐकू येतात ते घोड्याच्या नालांचे आवाज, माकडांची झाडावरची भांडणं आणि पावसाळ्याच्या शेवटी आलात तर शीळकरी कस्तुराची शीळ. हा निळसर काळा पक्षी एखाद्या रिकामटेकड्या पोरासारखी, सूर लागला न लागला अशी लांबलचक शीळ घालत असतो. दाट जांभळी-अंजनीखाली तो दिसत नाही, पण ऐकू अर्ध्या डोंगरावर येतो.

मी गेलो तो सप्टेंबर सरता सरता, आठवड्याच्या मधल्या वारी. जांभ्याच्या बांधांवर शेवाळ होतं, तेरडा फुललेला होता, निम्म्या खानावळी बंद होत्या. दुकानदार दारात बसून एकमेकांशी बोलत होते. चिक्कीच्या दुकानात शिरलो तरी मालकाने समोरच्याशी चाललेलं बोलणं पुरं करूनच माझ्याकडे पाहिलं. शनिवारी हाच माणूस एका वेळी चार गिऱ्हाइकांना चव दाखवत असतो. थंड हवेच्या ठिकाणाचा खरा स्वभाव बघायचा तर असा आडवारी बघावा. ते तेव्हा गाव असतं.

उंचीच्या हिशेबात माथेरान फार मोठं नाही. ८०० मीटरच्या जरासं वर, म्हणजे साधारण २६०० फूट. महाबळेश्वर याच्या दीडपटीहून उंच आहे. पण माथेरान हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा झालेला डोंगर आहे, चारी बाजूंनी तुटलेला. त्यामुळे कुठल्याही दिशेला अर्धा-पाऊण तास चाललात की जमीन संपते आणि कडा येतो. या कड्यांनाच पॉइंट म्हणतात. एकूण अडतीस पॉइंट सांगतात. उत्तरेला पॅनोरमा, पूर्वेला गार्बट, दक्षिणेला वन ट्री हिल, पश्चिमेला पॉर्क्युपाइन म्हणजेच सनसेट. सगळे बघायचे ठरवून आलेला माणूस घोड्यावर बसतो आणि तीन तासांत बारा पॉइंट ‘करून’ परत येतो. त्याला विचारलं तर एकाचंही नाव धड सांगता येत नाही.

नावं अशी साहेबी का, याचं उत्तर मे १८५० मध्ये आहे. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट तेव्हा चौक गावी मुक्कामाला होता. तो डोंगर चढून आला, रामबागेच्या वाटेने उतरला, आणि त्याच वर्षी पुन्हा येऊन त्याने इथे घर बांधायला घेतलं. मागोमाग मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला आणि जागेला सरकारी प्रतिष्ठा मिळाली. मॅलेटने माथेरान ‘शोधलं’ असं फलकांवर लिहिलेलं असतं. त्याच्या आधी या डोंगरावर धनगर होते, ठाकर आणि कातकरी होते, त्यांच्या वाटा होत्या, आणि मॅलेट चढला तोही अशाच एका वाटेने. शोध कुणी लावला हे ज्याने कागद लिहिला त्याने ठरवलं. पुढे इथला सुपरिंटेंडंट डॉ. जे. वाय. स्मिथ याने १८७१ साली माथेरानवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच डोंगराबरोबर तिथली माणसं, वनस्पती आणि प्राणी आहेत. निदान त्याला माणसं दिसली होती.

साहेबांमागोमाग पारशी, बोहरी, गुजराती शेठ आले. त्यांचे बंगले अजून झाडीत आहेत. लांब व्हरांडे, जांभ्याचे चौथरे, फाटकावर गंजलेल्या अक्षरांत नाव. काहींचं हॉटेल झालंय, काहींना कुलूप आहे आणि मुंबईतल्या कुठल्यातरी कोर्टात भावाभावांचा दावा पडून आहे. बंगल्याच्या राखणदाराशी गप्पा मारायला बसलं तर मालकाच्या तीन पिढ्यांचा इतिहास मिळतो. त्या तीन पिढ्यांची राखण याच्याही तीन पिढ्यांनी केलेली असते.

या गावाला आकार आला तो मात्र रेल्वेने. मुंबईचे धनाढ्य बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान छोटी रेल्वे टाकायचं मनावर घेतलं. तिच्या आखणीत सल्ला होता एव्हरार्ड कॅलथ्रॉपचा, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेच्या कर्त्याचा. १९०४ साली काम सुरू झालं आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. रुळांतलं अंतर दोन फूट, चढ काही ठिकाणी विसाला एक, म्हणजे वीस फूट पुढे जाताना एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा चढ फार मोठा आहे. तो साधण्यासाठी रूळ डोंगरभर वळसे घेत फिरवले आहेत, इतके, की काही वळणांवर गाडीतून तिचंच शेपूट दिसतं. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान. साऱ्या प्रवासात एकच बोगदा. तोही इतका लहान, की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात आणि ते नाव सांगताना सोबतच्या काकू दुसरीकडे बघतात.

एकवीस किलोमीटरच्या या प्रवासाला गाडी अडीच तासांहून अधिक घेते. मोटार नेरळहून दस्तुरीला अर्ध्या तासात पोचते. हे गणित घेऊन बसलात तर गाडीत बसू नका. पण डोंगर चढणं म्हणजे काय हे कळायचं तर मिनी ट्रेनसारखं साधन नाही. खाली भाताची खाचरं, मग साग, मग करवंदीच्या जाळ्या, मग सदाहरित झाडांची सावली, असा बदल डोळ्यांदेखत होत जातो आणि हवेतला गारवा पायरी-पायरीने अंगाला लागतो. मोटारीत तो दार उघडल्यावर एकदम येतो.

गाडी सतत चालू असते असंही नाही. २६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग ठिकठिकाणी वाहून नेला. तो सुरू व्हायला २००७ उजाडलं. २०१६ मध्ये डबे घसरल्याने बंद, पुढे पुन्हा सुरू. २०१९ च्या पावसाने पुन्हा उखडला आणि नेरळपासून पूर्ण मार्ग २२ ऑक्टोबर २०२२ ला खुला झाला. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंदच असतो, फक्त वरची अमन लॉज-माथेरान शटल चालते. मुंबईकर हळहळतात ते सहलीची गंमत गेली म्हणून. माथेरानच्या माणसाला मात्र शटल म्हणजे शाळा, दवाखाना, भाजी आणि सिलेंडर.

इथे मूळ मुद्दा येतो. माथेरानचा संथपणा निसर्गाने दिलेला नाही. तो नियमाने टिकवला आहे. गावात मोटारींना बंदी पूर्वीपासून होती. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी एवढाच अपवाद. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि बंदीला भक्कम आधार मिळाला. मुंबईतल्या पर्यावरणवाद्यांनी त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तो निर्णय झाला नसता तर आज पॅनोरमा पॉइंटवर वाहनतळ असता, याविषयी मला शंका नाही. लोणावळ्याचं काय झालं ते आपण दर रविवारी बघतोच.

पण वाहन थांबलं म्हणजे वजन थांबलं असं होत नाही. २०११च्या जनगणनेत या गावाची वस्ती ४,३९३ होती. त्यांचं धान्य, त्यांचा गॅस, त्यांच्या घराची वीट-वाळू, हॉटेलांची कोंबडी, पाण्याच्या बाटल्या, गाद्या आणि तुमच्या-आमच्या सहा बॅगा हे सगळं दस्तुरीपासून पुढे कुणीतरी नेतंच. ते घोड्याच्या पाठीवर जातं, हातगाडीवर जातं, डोक्यावर जातं. आपल्याला जो निवांतपणा मिळतो तो कुणाच्या तरी पायांतून आणि खांद्यांतून येतो. हे एकदा दिसलं की माथेरानमध्ये तेवढंच दिसत राहतं.

नाक्यावर एक बाई बसल्या होत्या, चुंबळ मांडीवर घेऊन. धोदाणीकडच्या. पहाटे सनसेट पॉइंटच्या वाटेने भाजी घेऊन चढतात, ती विकतात, मग मिळालं तर ओझं धरतात, आणि दिवस कलण्याआधी त्याच वाटेने खाली. ‘‘चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात,’’ म्हणाल्या. एका कुटुंबाच्या दोन बॅगा त्यांनी एकावर एक डोक्यावर घेतल्या, तिसरी खांद्याला अडकवली. बॅगांना चाकं होती. चाकांची बॅग डोक्यावर चाललेली बघून त्या कुटुंबातली लहान मुलगी म्हणाली, ‘‘मावशी, ती ओढायची असते.’’ मावशी हसल्या. चाक मातीत रुततं, दगडाला लागून मोडतं, आणि मोडलं तर भरून कोण देणार?

हातरिक्षा हे त्याहून अवघड प्रकरण. मोठाली दोन चाकं, मधे बैठक, पुढे दांडा. पुढे एक जण ओढतो, मागून एक किंवा दोघं ढकलतात. मला वाटत होतं जोर चढणीला लागतो. बरीच वर्षं रिक्षा ओढणाऱ्या एकाने सांगितलं, ‘‘दादा, चढाला ओढायचं, उताराला धरायचं. धरणं वाईट. पावसाळ्यात जांभा गुळगुळीत होतो, रिक्षा अंगावर येते. मागचा मग दोरी धरून टाचा रोवतो.’’ त्याच्या टाचा बघितल्या. भेगा पडून काळ्या झालेल्या, कडेला जुन्या जखमेचा वण. रिक्षात बसणारे बहुतेक म्हातारे किंवा आजारी, असं आपण मानतो. शनिवारी तसं नसतं. शनिवारी धडधाकट माणसंही बसतात आणि वर मोबाइलवर चित्रण करतात.

या रिक्षांचे परवानाधारक ९४. त्यांच्यातल्याच लोकांनी, गावातल्या एका निवृत्त शिक्षकाला पुढे करून, ई-रिक्षा द्या म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. तो लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्याच डिसेंबरात सात ई-रिक्षा तीन महिन्यांपुरत्या धावल्या. विद्यार्थ्यांना नाममात्र भाडं होतं. दप्तर घेऊन रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या पोरांना ती चैन वाटली. पुढे वीस ई-रिक्षांची परवानगी आली. आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा. १९८० साली पंजाबातल्या रिक्षाचालकांच्या खटल्यात हेच न्यायालय या प्रथेबद्दल बोललं होतं. तिथून पंचेचाळीस वर्षं गेली आणि मुंबईपासून दोन तासांवर ती चालूच आहे, ही खंत निकालात आहे. गुजरातेत केवडियाला स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने देतात, तशी योजना राज्य सरकारने करावी आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नये, असंही बजावलं. ती मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती.

गावात यावर एकमत आहे असं समजू नका. घोडेवाल्यांना ई-रिक्षा नको आहे. शेकडो घोडे आहेत, एकेका घोड्यामागे एक घर आहे, आणि घोडा भाडं नसलं तरी खातोच. ‘‘रिक्षा बंद ठेवली तर खर्च बंद. हा बंद ठेवता येतो का?’’ एका तरुण घोडेवाल्याने घोड्याच्या मानेवर थाप मारत विचारलं. पर्यावरणाची काळजी करणाऱ्यांना वेगळी भीती आहे: आज ई-रिक्षा, उद्या ई-बस, परवा साहेबांची इलेक्ट्रिक मोटार. ती भीती पोकळ नाही. आपल्याकडे अपवादाचा रस्ता फार लवकर रुंद होतो.

तरीही माझं मत सांगतो. हातरिक्षा गेली पाहिजे, मुदत न वाढवता. तिच्या जागी ई-रिक्षा मोजक्याच हव्यात, त्या आजवर ओढणाऱ्यांच्याच मालकीच्या हव्यात, आणि त्यांवर पहिला हक्क शाळकरी पोरं, आजारी, म्हातारे आणि गावाचं सामान यांचा हवा. पर्यटकाला चालवतं. न चालवणाऱ्याला शटल आहे, घोडा आहे.

रस्त्याचं भांडणही याच भांडणाचा भाग आहे. माथेरानचे रस्ते म्हणजे जांभ्याची लाल माती. उन्हाळ्यात ती आणि वाळलेली लीद एकत्र होऊन जी धूळ उडते ती नाकातोंडात आणि रात्री उशीवर सापडते. पावसात हीच माती लाल पाणी होऊन दरीत जाते. वाटांच्या कडेला झाडांची मुळं गुडघाभर उघडी पडलेली दिसतात; जमीन पूर्वी कुठवर होती याची ती खूण. त्यावर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक आले. ब्लॉकवरून घोडे घसरतात अशी तक्रार झाली, खाली सिमेंट घातल्याचे आरोप झाले. न्यायालयाने त्याच निकालात हेही मिटवलं: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नकोत. हा मधला मार्ग मला पटला. आतली वाट मातीचीच हवी. चप्पल लाल होते ती होऊ द्यावी.

पावसाचं इथलं प्रमाण खाली राहणाऱ्यांना पटत नाही. जुलैत एखाद्या दिवशी तीन-चारशे मिलिमीटरही कोसळतो. मे महिन्याच्या शेवटी घरांना प्लॅस्टिक नाहीतर झावळ्यांचं आच्छादन घालतात, धान्य, सरपण, औषधं भरून ठेवतात. मग धुकं उतरतं आणि समोरचं घरही दिसेनासं होतं. कपडे वाळत नाहीत, माचिस पेटत नाही. आणि एवढं पाणी कोसळूनही उन्हाळ्यात टंचाई असतेच, कारण डोंगर पाणी धरत नाही. गावाला आधार शार्लट तलावाचा, आणि खालून पंपाने चढवलेल्या पाण्याचा. रेल्वेच्या स्टेशनाला ‘वॉटर पाइप’ हे रुक्ष नाव उगाच पडलेलं नाही. हॉटेलात शॉवरखाली अर्धा तास उभं राहताना हे आठवलं तर बरं.

शार्लट तलावाच्या काठी पिसरनाथाचं देऊळ आहे. गावाचं दैवत. तिथून इको आणि लुईझा पॉइंटची वाट निघते. सकाळी साताच्या सुमारास ती धरावी. लुईझाच्या टोकाला प्रबळगड समोर येतो, सपाट माथ्याचा, आणि मधल्या दरीत ढग आत-बाहेर करत असतात. तिथे एका कठड्यावर मी बसून होतो. काही घडलं नाही. एक घार खालून वर आली, माझ्या पायांच्या पातळीला क्षणभर थांबली, पंखांची टोकं तेवढी हलली, आणि ती पुन्हा खाली गेली. मग मक्याचं कणीस भाजणाऱ्या काकांनी शेगडी मांडली, आणि त्यांच्याबरोबर माकडंही कामावर हजर झाली. माकडांना खायला घालू नका असा फलक आहे. त्याच फलकावर बसून एक माकड वेफरचं पाकीट फाडत होतं.

माथेरानविषयी लिहिताना एक नाव बहुतेक सहललेखांतून निसटतं. बाजारपेठेत हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की भाई कोतवाल इथले? विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. नाभिक समाजातल्या गरीब घरचा मुलगा वकील झाला, नगरपालिकेत निवडून जाऊन उपाध्यक्ष झाला. पण त्याचं लक्ष डोंगराखालच्या वाड्यांवर होतं. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्याने धान्याच्या पेढ्या काढल्या, शाळा काढल्या. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारला आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी वेढा घातला. त्यात दस्त्यातले हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मा झाले. साहेबाच्या विश्रांतीसाठी वसवलेल्या डोंगरावर जन्मलेल्या या माणसाने त्याच साहेबाच्या मुंबईची वीज तोडली. अडतीस पॉइंटांच्या यादीपेक्षा ही गोष्ट मुलांना आधी सांगावी.

रात्री नवाला बाजार मिटतो. करमणूक म्हणाल तर काही नाही. सिनेमा नाही, मॉल नाही, मोबाइलची रेंज लहर लागली तर. संध्याकाळ काढायची तर व्हरांड्यात बसायचं. सोबत आलेल्या माणसाशी बोलायला काही उरलं आहे की नाही, हे इथे लवकर कळतं. शेजारच्या खोलीतलं एक वयस्कर जोडपं दोन्ही दिवस संध्याकाळी रमी खेळत होतं आणि आजी दर डावाला आजोबांवर फसवणुकीचा आरोप करत होत्या. पैशाने घेता येणारी विश्रांती महाग करून विकणारी ठिकाणं आता सह्याद्रीत जागोजाग झाली आहेत. तिथे तलावावर नजर ठेवणाऱ्या खोल्या असतात, तरंगते नाश्ते असतात. माथेरानकडे असं देण्यासारखं फार नाही. पाय आणि वेळ असलेल्यालाच ते काही देतं.

महागाईची तक्रार मात्र ऐकू येईल. पाण्याची बाटली, अंडी, जेवण, सगळं नेरळहून चढ्या भावात. ही महागाई रास्त आहे असं मला वाटतं. दस्तुरीपासून गावापर्यंतची मजुरी त्या किमतीत आहे, आणि ती मजुरी अजूनही कमीच आहे. हमालाशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस खाली फूड मॉलवर कॉफीला किती देतो, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. दरांचे फलक आहेत. ते वाचावेत आणि त्याप्रमाणे द्यावं. कमी नको, आणि फसून जास्तही नको.

आता जायचं कधी? दिवाळीच्या सुटीत दस्तुरीचा वाहनतळ भरून घाटात रांग लागलेली असते. त्या आठवड्यात जाऊ नका. नाताळ आणि एकतीस डिसेंबरही टाळा. नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, निदान दोन रात्रींसाठी जा. नेरळपर्यंत लोकलने या. मिनी ट्रेन सुरू असेल आणि तिकीट मिळालं तर तिने चढा, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून शटल किंवा पायी. घोड्यावर बसायचं तर घोड्याची पाठ बघून बसा, जखम असेल तर नको म्हणा. कचरा खाली घेऊन या. आणि सामान माणशी एकच, स्वतःला उचलता येईल एवढं.